पथ्याला नवरा चालत नाही

...बरं, दूध सोडलं, ठीक आहे. अंडी सोडली, तेही ठीक. गहू सोडला, शेंगदाणे सोडले, टोमॅटो सोडला, लोणी सोडलं, म्हटलं सोडू दे, तिचं पोट, तिची कातडी, आपण कोण बोलणारे? पण नवरा? पथ्य म्हणून नवरा सोडायचा? मी काय खायची वस्तू आहे? माझ्याकडे नीट बघा आणि सांगा, हा माणूस कोणाला पचायला जड जाईल असं वाटतं का तुम्हाला?... हसू नका. मागच्या रांगेतल्या बाई, तुम्ही तर मुळीच हसू नका, तुमच्या शेजारी जे बसलेत ना, तेही काही हलकं अन्न वाटत नाहीत मला.

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पोटात काही नव्हतं हो. खरंच नव्हतं.

आता सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा कुठून कुठे भरकटला. तर आमची ही, म्हणजे बायको, बायकांचे कपडे शिवून देणाऱ्या एका दुकानात मापं घेते. नुसती शिवत नाही हं, मापं घेते! पुढच्या दालनात, उंच आरशासमोर. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची उशी, ओठांत टाचण्या धरलेल्या, आणि तशीच बोलते, आणि तरी शब्द न् शब्द कळतो. 'श्वास सोडा. अजून सोडा. पोट आत ओढू नका, आत्ता ओढाल आणि मग जेवायला बसल्यावर काय कराल?' बाया हसतात, पोट सोडतात, माप बरोबर येतं. अख्ख्या दुकानात हे एकटीला जमतं. आणि मी? मी नळाचा माणूस. शाळा अर्धवट सोडली आणि पाना हातात घेतला तो परवापरवापर्यंत. आता पाना खाली ठेवला, पण मस्करी खाली ठेवली नाही. मस्करीला कुठे निवृत्तीचं वय असतं? साखरेच्या डब्यात मीठ वगैरे ती बालवाडी झाली. मी हिच्या बटणांच्या डब्यात रबराची पाल ठेवतो. दुकानात आवाज बदलून फोन करतो, 'आमच्या घोडीला झगा शिवायचाय, माप घ्यायला तबेल्यात याल का?' आणि ही हसते. म्हणजे, हसायची. म्हणजे मला वाटायचं की हसते...

तर एक दिवस हिच्या मनगटावर लाल चट्टा उठला. मग कोपराला. मग मानेवर. खाजवून खाजवून जीव नकोसा. तासाभरात जायचा आणि दुसरीकडे उगवायचा, पाहुणा गेला म्हणून दार लावावं तर तोच मागच्या दाराने आत यावा तसा. मी म्हटलं, पित्त उठलंय, थंड पाणी मार, जाईल. कसलं जातंय! आणि एक दिवस दुकानात एक गिऱ्हाईक हात वर करून उभं, ही काखेपासून कमरेपर्यंतचं माप घेतेय, त्या बाईची नजर हिच्या मनगटावर गेली आणि तिने हात खाली घेतला. झटक्यात नाही, हळूच. वाईट दिसू नये म्हणून हळूच. तिने किंचाळून हात झटकला असता ना, तर हिने दोन शब्द सुनावले असते. पण ते हळूच हात खाली घेणं हिला फार लागलं. घरी येऊन मला इतकंच सांगितलं, आणि मी काय म्हणालो असेन? 'अगं, तिला गुदगुल्या झाल्या असतील.'

माझ्या पोटात काही नव्हतं हो!

मग मालकीण. मालकीण म्हणजे अशी बाई की धारदार कात्री मखमलीत गुंडाळून ठेवलेली. 'तुमच्याबद्दल कोण काय बोलणार हो, तुम्ही तर दुकानाचा चेहरा. पण लोकांना दिसतं ते दिसतं ना. थोडे दिवस मागे बसा. बटणांची काजं करा.' काजं! जिने आयुष्यभर मापं घेतली तिने पडद्यामागे बसून काजं करायची! मला कोणी म्हटलं असतं, तुम्ही पाईप जोडू नका, खाली बादली धरा, तर मी ती बादली कोणाच्या डोक्यावर ओतली असती ते विचारू नका. हिने केली काजं. पुढे आरशासमोर उभी राहिली हिच्याच हाताखाली तयार झालेली एक बाई. मापं बरी घेते, पण गिऱ्हाईक तिच्यासमोर श्वास सोडत नाही. आणि मालकिणीने पुढचंही सांगून टाकलं होतं, की एका गाणाऱ्या बायकांच्या संघाचे सगळ्यांचे पोशाख आपल्याकडे येतायत, तोवर हात साफ झाले तर मापं तुम्हीच घ्या, आणि नाही झाले तर मग... आरशाची जागा तिचीच समजा. म्हणजे कायमची. आता कळलं ना, प्रकरण कसं गळ्याशी आलं होतं ते?

गेलो कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयाने आमच्या सुनेएवढी. हिचा हात बघितला, भिंग लावून बघितला, आणि पहिला प्रश्न काय? 'पोट कसं आहे?' मी म्हटलं, बाई, आम्ही चुकीच्या दारात शिरलो की काय, बाहेर पाटी तर कातडीची आहे! ती म्हणाली, 'आजोबा, पोट आणि कातडी काही वेगवेगळ्या गावात राहत नाहीत.' आणि मग तिने सांगितलं की आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते, त्याला एक मोठं नाव आहे, मायको... मायक्रो... जाऊ द्या, माझ्या जिभेला वळत नाही, पोटातली वस्ती म्हणा. बहुतेक मंडळी गुणी. पण त्यांचं आपापसात बिनसलं, की काही माणसांच्या कातडीवर त्याचे पडसाद उठतात. काहींच्या, सगळ्यांच्या नाही, हे तिने दोनदा सांगितलं, आणि त्यातलं पुष्कळ अजून आम्हालाही कळायचंय, असंही म्हणाली. मी मनात म्हटलं, बरी आहे बाई, आपल्याला कळत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितला.

पण गप्प बसेन तो मी कसला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, मला सगळं कळलं. आतला पाईप झिरपतो, डाग बाहेर भिंतीवर येतो, आणि लोक बसतात भिंत रंगवत. भिंतीला हात लावायचाच नाही, पाईप बघायचा! ती हसली, म्हणाली, 'साधारण तसंच, पण माणसाची भिंत फोडून बघता येत नाही ना.' तरी मी थांबलो नाही. म्हटलं, अहो, आंबट ढेकर आला तरी आपण पित्त म्हणतो, अंगावर चट्टे आले तरी पित्त उठलं म्हणतो, आणि डोकं फिरलं तरी पित्त खवळलं म्हणतो. तिन्हीला शब्द एक, मग डॉक्टर तीन कशाला? ती म्हणाली, 'शब्द एक आहे म्हणून आजार एकच असेल असं नाही, आजोबा. बाहेर बसता का जरा?' बसलो बाहेर.

पथ्य ठरलं. खाजेची एक गोळी, आणि ज्याच्या ज्याच्यावर संशय येईल ते सगळं ताटातून बंद. कातडी शांत झाली की एकेक पदार्थ परत आणायचा, थोडा थोडा, आणि बघत राहायचं दगा कोण देतंय. म्हणजे पोलिसी काम हो! सगळ्यांना आत टाका, मग एकेकाला सोडा आणि त्याच्यामागे माणूस लावा.

आता हिचं पथ्य म्हणजे माझंही पथ्य, कारण घरात चूल एक. उकडलेला भोपळा, उकडलेलं गाजर, उकडलेला भात. आठवडा होतो न होतो तोच मी आरशात बघितलं तर मीच उकडल्यासारखा दिसायला लागलो होतो. आणि चहा! सोयाचं दूध चहात ओतलं की तो चहा आपल्याकडे असा बघतो, की मी तुमचं काय वाईट केलं होतं? मी बेकरीत जाऊन गुपचूप मलईचा केक हाणायचो आणि मिशा पुसून घरी यायचो. एकदा सुनेने बघितलं. 'बाबा, मिशीला मलई आहे.' मी म्हटलं, म्हातारपण आहे पोरी, केस पिकतायत. ती म्हणाली, 'ओले पिकतात का?'... पोरगी गुणी आहे, माझ्या तालमीत तयार होतेय.

आणि मग मी ते केलं.

सोयाच्या दुधाचा तो खोका असतो ना, झाकणाचा? तो मी मोरीत ओतून दिला आणि त्यात आपलं साधं, गाईचं, मलईदार दूध भरलं. रोज. संपलं की पुन्हा भरायचं. का? एक म्हणजे मला धड चहा हवा होता. दुसरं म्हणजे त्या डॉक्टरीणबाईंची जिरवायची होती, बाहेर बसवलं ना मला! आणि तिसरं... तिसरं काही नाही हो, गंमत. आणि तुम्हाला सांगतो, काही झालं नाही! ही रोज तो चहा पिते, 'सोयाची सवय झाली बाई आता' म्हणते, मी पदर नसलेल्या माणसाने काय तोंडावर धरायचं म्हणून वर्तमानपत्र धरतो, आणि हिचे हात दिवसेंदिवस साफ. चट्टे गेले, खाज गेली. हसू नुसतं पोटात मावेना माझ्या.

मालकिणीचा फोन आला. उद्या गाणाऱ्या बायका येतायत, तुम्हीच या. त्या संध्याकाळी मुलगा आणि सून आले होते. ही खिडकीच्या उजेडात स्वतःचे हात धरून बघत होती, उलटे, सुलटे, पुन्हा उलटे, एखादं नवीन कापड ताग्यातून काढल्यावर बघते तशी. सगळ्यांच्या हातात चहा. आणि मला वाटलं, हीच वेळ. अशी भरलेली सभा पुन्हा कुठे मिळणार? मी उभा राहिलो, कप उंच धरला आणि सांगून टाकलं. सगळं. खोका, मोरी, गाय.

कोणी हसलं नाही.

हिने कप खाली ठेवला. आवाज न करता ठेवला. मला विचारलं, 'हे दूध आहे?' मी म्हटलं, दूध! आणि टाळी मागायला हात पुढे केला. तो हात तसाच राहिला हो, हवेत, पाणी नसलेल्या नळासारखा. आणि मग सूनबाई म्हणाली, 'आई, मान.' बघतो तर मानेवर एक चट्टा. मग गळ्याखाली. मग दंडावरून मनगटाकडे, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भिंतीला आतून ओल चढावी तसं. इतके दिवस लिटर-लिटर दुधाने काही केलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने केलं.

माझ्या पोटात काही नव्हतं... असं मी तेव्हाही म्हणालो. मुलगा म्हणाला, 'बाबा, तुम्ही आता बसा.'

दुसऱ्या दिवशी ही गेली नाही. मालकिणीला फोन करून सांगितलं, त्या दुसरीलाच घेऊ द्या मापं. भांडली नाही माझ्याशी. भांडायला पाहिजे होतं. आदळआपट झाली असती, एखादं भांडं फुटलं असतं, तर मी दुरुस्त करायला बसलो असतो, मला दुरुस्ती येते. हिने नुसती टेप गुंडाळली, घट्ट, आणि ट्रंकेत ठेवली. आणि घरात तो जो काही आवाज येत नव्हता ना... तुम्हाला सांगतो, मी नळाचा माणूस, मला गळतीचा आवाज ओळखता येतो, पण आवाज नसलेली गळती मी पहिल्यांदा ऐकली.

पुन्हा डॉक्टरीणबाई. मी दारातच म्हटलं, मी बाहेर बसतो. ती म्हणाली, 'नाही, आज तुम्ही आत बसा.' आणि मग मला जे झाडलंय! 'दुधाचं खरंच वावडं असतं आणि यांचा घसा सुजला असता, श्वास अडकला असता, तर काय केलं असतं तुम्ही? टाळी मागितली असती?' मंडळी, खरं सांगतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो. म्हणजे मी मूर्ख आहे हे मला माहीत होतं, माझा धंदाच तो, पण इतका महागाचा मूर्ख आहे हे माहीत नव्हतं.

मग तिने हिला विचारलं, की दूध तर बहुधा निर्दोष सुटलं, आता जरा आठवा, चट्टे उठले त्या दिवशी घरात काय घडलं होतं? आणि ही सांगायला लागली. माझ्याकडे न बघता, शांतपणे, गिऱ्हाइकाचं माप लिहून घेणाऱ्याला आकडे सांगावेत तशी. पहिला चट्टा आला त्या दिवशी यांनी दुकानात फोन करून घरात आग लागली म्हणून सांगितलं. मी गिऱ्हाईक तसंच टाचण्यांत सोडून धावत घरी आले. हे खिडकीत बसून केळं खात होते. मला म्हणाले, ये, गरम गरम आहे.

हसलात ना? बघा. मीही हसलो होतो.

मग ती पाल. मग किल्ली लपवलेली, त्या दिवशी ही पावणेदोन तास दारात उभी होती. एकेक चट्टा आणि एकेक माझी गंमत, अशी जोडी लावत गेली, आणि मी खुर्चीत लहान लहान होत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, ताण हेच एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही, पण मन, पोट आणि कातडी एकमेकांना सारखे निरोप पाठवत असतात. मग तिने हिला विचारलं, 'राग आला की तुम्ही काय करता?'

ही म्हणाली, 'काही नाही. पोटात ठेवते.'

जिना उतरताना मी हिचा हात धरायला गेलो, तर चट्टा दुखेल म्हणून नुसती बाही धरली. म्हटलं, अगं, माझ्या पोटात काही नव्हतं. चुकलो. एवढं पोटात घाल.

ती पायरीवर थांबली. म्हणाली, 'तुमच्या पोटात कधीच काही नसतं. कारण सगळं माझ्या पोटात जातं. आजवर तुमचं जेवढं पोटात घातलं ना, तेच आता अंगावर उठतंय. आता जागा नाही.'

आणि उरलेला जिना उतरून गेली. मी तिथेच उभा. वर चढणाऱ्या एका माणसाने विचारलं, आजोबा, धाप लागली का? मी म्हटलं, हो.

घरी आल्यावर हिनेच निकाल दिला. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? ज्याचा संशय येतो ते थोडे दिवस बंद. मग मुलाला फोन केला आणि म्हणाली, यांना घेऊन जा. पिशवी तिने भरली. त्यात माझी मिशीची कात्रीसुद्धा आठवणीने घातली, म्हणजे रागात नव्हती. पथ्यावर होती!

मुलाकडे मला काही कमी नव्हतं. दूध होतं, केक होता, सून विनोद करत होती. पण मी रोज सकाळी एकच विचारायचो, आईचा फोन आला का, काय म्हणते, आहेत का चट्टे? आणि आता खरं सांगतो, तुम्ही परके आहात म्हणून सांगतो. हिला बरं वाटावं म्हणून माझा जीव तुटत होता, आणि त्याच जिवाला वाटत होतं, की एखादा चट्टा राहावा. लहानसा. पाठीवर वगैरे, कोणाला दिसणार नाही असा. म्हणजे सिद्ध होईल की दोष माझा नाही. आपल्याच बायकोची खाज राहावी असं वाटणारा माणूस बघितलाय का कधी? बघून घ्या. पुढच्या रांगेला जवळून दिसेल.

राहिला नाही एकही. मुलगा म्हणाला, बाबा, आईचे हात एकदम साफ. मी म्हटलं, वा! आणि जेवण ताटात ठेवून उठलो. भूक कशी ती नव्हतीच. पोट बिघडलं, आणि दोन दिवसांनी सून म्हणाली, बाबा, तुमच्या टकलावर काय उठलंय हे? म्हटलं, काही नाही, डास. त्या घराला जाळ्या आहेत सगळीकडे.

मग एक दिवस गुपचूप दुकानासमोर जाऊन उभा राहिलो, रस्त्यापलीकडे, एका गाडीच्या आडोशाला. काचेतून दिसत होतं. गाणाऱ्या बायका परत आलेल्या. पोशाख शिवून झाले होते, पण गायला लागल्यावर श्वास घेता येईना! त्या दुसऱ्या बाईने मापं घेताना सगळ्याजणी पोट आत ओढून उभ्या होत्या, कोणी सोडायला सांगितलंच नाही. आणि मालकिणीने शेवटी परत बोलावून आरशासमोर उभं केलं कोणाला? ही. ओठांत टाचण्या. हात उघडे, साफ, शिवण उसवतायत, पुन्हा टाचतायत. एकेक बाई मोठा सूर लावून दाखवतेय आणि ही तिच्या कमरेला टेप धरून हसतेय. ते हसू मी ओळखलं नाही आधी. कारण मी घोडीच्या झग्याचा फोन केल्यावर जे हसायची, ते हे नव्हतं. ते वेगळंच होतं. मग ते काय होतं?... असो. गाडीवाला आला, म्हणाला, बाजूला व्हा आजोबा. झालो.

पण डॉक्टरांचा नियम आहे मंडळी, बंद केलेलं कायमचं बंद नसतं, थोडं थोडं परत आणून बघायचं असतं! सुट्टीच्या दिवशी मला चहापुरतं बोलावलं. मी ठरवून गेलो होतो. एक गंमत करायची नाही, एक शब्द वाकडा बोलायचा नाही. पायपुसण्याला पाय पुसले, खुर्चीत सरळ बसलो, हात गुडघ्यांवर. ती म्हणाली, कसे आहात? मी म्हटलं, बरा आहे. ती म्हणाली, चहा? मी म्हटलं, चालेल. आणि गप्प.

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कपात बघितलं. वास घेतला. मग उठून खुर्चीखाली बघितलं. बटणांचा डबा हलवून बघितला. मी म्हटलं, अगं, काही नाही केलेलं. ती म्हणाली, 'मग इतके गप्प का? काय करून ठेवलंय, आधीच सांगा.' शपथ घेतली तशी तर आणखी घाबरली, कारण मी शपथ फक्त मस्करीतच घेतो. आणि बोलता बोलता तिचा हात दंडाकडे गेला. खाजवलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तर ती दंड वळवून चट्टा बघत होती. एकच होता, कोपराच्या बराच वर. तिने बाही खाली ओढली, टेप लावावी तशी नजर लावली, चट्टा आत गेला, काठ बरोबर बसला. म्हणाली, 'चालेल. पुढच्या सुट्टीला या.'

तर दुधाला परवानगी आहे. अंड्यांना आहे, गव्हाला आहे, शेंगदाण्यांचं येत्या आठवड्यात बघतायत, आशा आहे. आणि मला? बोललो तरी उठतं, नाही बोललो तरी उठतं, म्हणून माझं तिने माप ठरवून टाकलंय... बाहीत झाकेल एवढाच नवरा.